विषाची बेरीज

संस्कृत कोशकारांनी पाण्याला जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत 'जीवन' हे एक असून 'विष' हेही एक आहे. एकाच पदार्थाला ही परस्परविरुद्ध नावे का मिळावीत, याचा उलगडा व्युत्पत्तिशास्त्री आपल्या रीतीने करोत; परंतु पाणी पारखण्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास जो वाचील, त्याला कोशातील हा शेजार सूचक वाटल्यावाचून राहणार नाही. कोणते पाणी जीवन आणि कोणते विष, हे ठरवावयाचे कसे? प्रत्येक पिढीने या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते दिले, ते पुरेसे मानले, आणि पुढच्या पिढीने त्यातील उणीव दाखविली. आज ज्या उत्तरावर विसंबून आपण नळाचे पाणी पेल्यात घेतो, त्यातही एक उणीव आहे. ती कोणती, आणि ती भरून काढण्याचे कोणते प्रयत्न झाले, हे सुज्ञ वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाशिककरांना हा विषय दूरचा नाही. येथील जुनी माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. 'नदीवर जातो' असे न म्हणता 'गंगेवर जातो' असे म्हणतात. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि लक्षावधी यात्रेकरू रामकुंडात स्नान करून त्याच पाण्याचे आचमन करितात. या श्रद्धेविषयी आम्हांस येथे वाद करावयाचा नाही. मात्र पावित्र्य आणि शुद्धता हे दोन निराळे गुण आहेत, एवढे ध्यानात ठेविले पाहिजे. पहिला गुण भाविकाच्या मनावर अवलंबून असतो. दुसरा पाण्यात काय मिसळले आहे यावर. पहिल्याची परीक्षा कोणी करू नये; दुसऱ्याची केल्यावाचून राहू नये.

ही परीक्षा आपल्या पूर्वजांनी केली नाही, असे समजणे चुकीचे होईल. सुश्रुतसंहितेत दूषित पाण्याचे दोष स्पर्श, रूप, रस, गंध इत्यादी प्रकारांनी सांगितले असून, गढूळ पाणी निवळण्यासाठी कतकाचे, म्हणजे आपल्या निवळीचे, बी वापरण्यास सांगितले आहे. आमच्या आज्यांच्या रांजणात निवळी किंवा तुरटी फिरत असे, ती त्याच परंपरेने. डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, यांवरून विहिरीचे पाणी जड आहे हे घरातील बाईला रसायनशास्त्रावाचून कळत असे. बारवेत आणि विहिरीत मासे व कासवे सोडण्याची चाल होती. ती पाण्यातील किडे खात, आणि ती जगली म्हणजे पाणी बरे, असा भरवसाही वाटे. या साऱ्या परीक्षा आपापल्या परीने खऱ्याच होत्या. दोष इतकाच की, जे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला लागत नाही, त्याविषयी त्या मुक्या होत्या.

हा मुकेपणा किती महागात पडतो, याचे प्रसिद्ध उदाहरण लंडन शहरातील आहे. १८५४ साली तेथील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याच्या आसपास पटकीने थैमान घातले, आणि जॉन स्नो या डॉक्टराने मृतांच्या घरांचा माग काढीत दोष एका हातपंपाच्या पाण्यावर आणून ठेविला. या पाण्याची चव लोकांना आवडे. तेथून दूर हॅम्पस्टेड येथे राहावयास गेलेली एक वृद्ध विधवा केवळ चवीच्या ओढीने त्या पंपाचे पाणी रोज गाडीतून मागवून घेत असे. ती दूर असूनही पटकीने दगावली. पाणी चवीला गोड होते, आणि त्या चवीनेच तिचा घात केला. आपल्या जुन्या परीक्षेचा पराभव याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

जीभ हरली तेव्हा रसायनशास्त्र पुढे आले. एडवर्ड फ्रँकलंड याने लंडनच्या पाण्याचे नियमित पृथक्करण आरंभिले. त्याची पद्धत तर्काची होती: मैला पाण्यात मिसळला तर नत्रयुक्त द्रव्ये मागे राहतात, ती मोजावीत, म्हणजे पाण्याचे पूर्वचरित्र कळते. चोर सापडला नाही तरी त्याच्या पावलांचे ठसे सापडतात, तसा हा प्रकार. रोगाचे बीज प्रत्यक्ष पकडणे रसायनाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे तोही मान्य करी. ते काम सूक्ष्मदर्शकाने केले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यास कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचा जंतू सापडला, आणि पाण्याची परीक्षा म्हणजे जंतूंची परीक्षा, असे समीकरण दृढ झाले.

याच काळात आग्र्याचे सरकारी रसायनपरीक्षक हँकिन यांनी एक विलक्षण शोध प्रसिद्ध केला. १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी लिहिले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टिकत नाहीत; मात्र पाणी उकळले तर त्याचा हा गुण नाहीसा होतो. या शोधाचा आमच्याकडे पुढे फार गवगवा झाला. नदी आपली शुद्धी आपणच करिते, असे त्यावरून आजही अनेक जण छातीठोकपणे सांगतात. पण हँकिन यांनी पाण्याला एकच प्रश्न विचारला होता, तो पटकीच्या जंतूविषयीचा. शिसे, पारा, कीटकनाशके यांविषयीचा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता, मग त्याचे उत्तर त्यांच्या लेखात कोठून असणार? स्वतः हँकिन यांनी तर पटकीच्या दिवसांत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. नदीच्या गुणावर भिस्त ठेवून ते स्वस्थ बसले नाहीत.

परमँगनेटच्या मागून क्लोरीन आले. १९०५ साली इंग्लंडात लिंकन येथे आणि १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटी येथे शहराच्या पाण्यात ते नियमाने मिसळू लागले. विषमज्वर आणि पटकी यांचा जो पाडाव पुढे झाला, त्यात या एका द्रव्याचा वाटा फार मोठा आहे. खेड्यातील विहिरीत टीसीएल पावडर टाकणारा ग्रामपंचायतीचा शिपाई याच परंपरेतला, आणि त्याच्या हातून जितके जीव वाचले असतील तितके पुष्कळ नामांकित वैद्यांच्या हातून वाचले नसतील. तथापि या विजयाने एक निष्काळजीपणाही आला. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगढ नाल्याचे घाण पाणी यमुनेतून शहराच्या जलकेंद्रात शिरले. तुरटी वाढविली, क्लोरीन वाढविले. जंतूंपुरते ते उपाय पुरले. परंतु त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. विषाणू त्या मात्रेला जुमानला नव्हता, आणि त्याच्यासाठी कोणतीच परीक्षा ठेविलेली नव्हती. सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीसाठी १९५८ साली नागपुरास जी केंद्रीय संस्था निघाली, आणि जी १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाते, ती याच काळातली.

आता आपण रसायनांकडे येऊ. जंतू आणि रसायन यांत एक मूलभूत फरक आहे. जंतू पाण्यात असूच नये, असा नियम करिता येतो. रसायनाचे तसे नाही. मीठ, लोह, फ्लोराइड ही भूमीतूनच पाण्यात उतरतात. प्रश्न असतो तो मात्रेचा. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस याने सांगून ठेविले की, सर्वच पदार्थ विष आहेत. विष कोणते आणि विष नव्हे ते कोणते, हे केवळ मात्रा ठरविते. आमच्या वैद्यांनाही हे तत्त्व ठाऊक होते. नाहीतर बचनाग औषधात गेला नसता. परंतु मात्रा ठरवावयाची म्हणजे आकडा काढावयाचा, आणि तो आकडा कसा निघतो, हे पाणी पिणाऱ्या शेकडा नव्याण्णवांना ठाऊक नसते. म्हणून तो हिशेब येथे करून दाखवितो.

समजा, एखादे द्रव्य उंदरांना दीर्घकाळ दिले, आणि शरीराच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅमपर्यंत त्यांना काही अपाय झाला नाही. माणूस उंदराहून नाजूक असू शकेल म्हणून यास १० ने भागावयाचे. माणसांतही काही अधिक नाजूक असतात म्हणून पुन्हा १० ने. १०० ने भागण्याची ही रीत १९५४ साली लेहमन आणि फिट्झह्यू या अमेरिकन शास्त्रज्ञांनी रूढ केली. आता राहिले ०.१ मिलिग्रॅम. माणसाचे वजन ६० किलो धरिले तर दिवसाचे ६ मिलिग्रॅम झाले. पैकी अन्नातून व हवेतून येणारा भाग वगळून पाण्याच्या वाट्याला एकदशांश दिला, म्हणजे ०.६, आणि माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे धरिले, म्हणजे लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली.

हिशेब स्वच्छ आहे. पण त्यातील गृहीते पाहावीत. साठ किलोचा आणि दोन लिटर पाणी पिणारा हा मनुष्य कोण? कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याचे हे वर्णन ठीक आहे. निफाडच्या शिवारात वैशाखाच्या उन्हात कांदा काढणारी मजूर बाई दोन लिटर पाणी न्याहारीपासून दुपारपर्यंतच संपवील, आणि तिचे वजन साठ किलो क्वचितच असेल. तिच्या पाळण्यातील मूल तर आपल्या वजनाच्या मानाने तिच्याहूनही अधिक पाणी पोटात घेते. १०० ने भागण्यात यांपैकी काही भेद सामावले जातात, हे खरे. तरीपण मर्यादेचा आकडा हा निसर्गाने आखलेली रेषा नसून माणसांनी विचारपूर्वक केलेला ठराव आहे, हे विसरता कामा नये.

मुलाचा उल्लेख आला, म्हणून एक ऐतिहासिक दाखला देतो. १९४५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातील कॉम्ली या डॉक्टराने दाखवून दिले की, शेतावरील विहिरीच्या पाण्यात कालविलेले दूध पिऊन काही तान्ही मुले निळी पडत होती. विहिरीत नायट्रेट होते. मुलाच्या पोटात त्याचे नायट्राइट होई, आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेई. थोरांना तेच पाणी बाधत नव्हते. आपल्याकडे नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, तिच्या मुळाशी तान्ह्या मुलांचे हेच दुखणे आहे. द्राक्षे, कांदा आणि ऊस यांना भरघोस खत घालणाऱ्या आमच्या नाशिक जिल्ह्यातही काही विहिरींत नायट्रेट ही मर्यादा ओलांडून गेलेले आढळले आहे. शिवाय येथे घरातील नेहमीचा उपाय उलटा पडतो: पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट उडून जात नाही, पाणी आटेल तितके ते दाटच होते.

येथवर आपण एकेका द्रव्याचा विचार केला, आणि मुख्य उणीव येथेच आहे. प्रयोगशाळेतील उंदराला एक द्रव्य देतात. माणूस पितो ते मिश्रण. १९३९ साली चेस्टर ब्लिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकत्र दिलेल्या विषांवर एक मूलगामी निबंध लिहून त्यांच्या वागणुकीचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात दोन विषे आपापल्या निरनिराळ्या वाटेने जातात. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. दुसऱ्यात ती एकाच जागी एकाच रीतीने घाव घालितात. तेथे त्यांची बेरीज होते. तिसऱ्यात एक विष दुसऱ्याला साह्य करिते, आणि परिणाम बेरजेहून मोठा होतो.

दुसऱ्या प्रकाराचे गणित सोपे आणि भयप्रद आहे. एकाच जातीची तीन कीटकनाशके पाण्यात आहेत, आणि प्रत्येक आपापल्या मर्यादेच्या चार दशांश आहे, असे समजा. तपासणीच्या कागदावर तिन्ही ओळींपुढे 'योग्य' असाच शेरा पडेल. पण ०.४ तीनदा मिळविले की १.२ होतात, आणि मर्यादा तर १ ची आहे. प्रत्येक ओळ उत्तीर्ण आणि पाणी मात्र अनुत्तीर्ण! जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेट व नायट्राइट यांच्याविषयी हाच अपूर्णांकांच्या बेरजेचा नियम सांगितला आहे. अर्थात वाटेल त्या दोन द्रव्यांची अशी बेरीज करणे शास्त्राला धरून नाही. घाव एकाच जागी पडत असेल तरच ती करावयाची.

तिसऱ्या प्रकाराचा धडा १९५७ साली मिळाला. मॅलॅथिऑन हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे कीटकनाशक त्या मानाने सौम्य, कारण यकृत त्याचे लवकर विघटन करिते. परंतु ईपीएन नावाचे दुसरे कीटकनाशक त्याच्यासोबत कुत्र्यांना दिले, तेव्हा विषाचा परिणाम बेरजेच्या कित्येक पट झाला. ईपीएनने यकृताचा तो पहारेकरीच निकामी करून टाकिला होता. दोन विषांपैकी प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा कितीही काळजीपूर्वक केली असती, तरी ही गोष्ट कळली नसती.

मिश्रणाचा विचार कायद्यात कसा शिरला, हेही पाहण्यासारखे आहे. १९७४ साली रॉटरडॅमच्या जलकेंद्रातील रूक या रसायनशास्त्रज्ञाने दाखविले की, नदीच्या पाण्यातील कुजलेल्या पालापाचोळ्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म व त्याची भावंडे तयार होतात. ज्या औषधाने जंतू मारावयाचे, त्याच्यापासूनच हे नवे मिश्रण! तेव्हा अमेरिकेने १९७९ साली जी मर्यादा घातली, ती चार द्रव्यांच्या एकूण बेरजेवर घातली: लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. यावरून क्लोरीनच सोडावे असे कोणी समजू नये; उद्याच्या विषाच्या भीतीने आज पटकीला दार उघडून देणे हा शहाणपणा नव्हे. युरोपीय देशांनी १९८० साली आणखी एक पाऊल टाकिले: कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, आणि सर्व मिळून ०.५ हून अधिक नसावीत.

आपल्या देशात पिण्याच्या पाण्याचे मानक १९८३ साली प्रथम निघाले, आणि २०१२ साली त्याची दुसरी सुधारणा झाली. त्यात कीटकनाशकांची मोठी यादी असून प्रत्येकाची मर्यादा निरनिराळी दिली आहे. बाटलीबंद पाण्यासाठी मात्र २००३ साली जो नियम झाला, तो युरोपच्या धर्तीवर आहे. त्यात एकेकाची मर्यादा आहे आणि बेरजेचीही आहे. म्हणजे जो पाणी विकत घेऊ शकतो त्याच्यासाठी बेरीज मांडली गेली, आणि जो नळावर किंवा विहिरीवर घागर भरतो त्याच्या कागदावर वेगवेगळ्या ओळीच राहिल्या. विषाला श्रीमंत-गरीब हा भेद ठाऊक नाही. मग मानकात तो का असावा, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

या दृष्टीने आता गोदावरीकडे पाहावे. नाशिक शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातून येते. शहराचे सांडपाणी खालच्या अंगाला जाते. सातपूर व अंबड येथील कारखाने, लाखो घरांतील साबण-सोडा, औषधे, आणि पुढे निफाडच्या शेतांतील खते व फवारे, या सर्वांचा संगम नदीतच होतो. पुढे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा लागतो. तेथील पक्ष्यांच्या पाणथळीला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. त्याच्या वरच्या पात्रात जलपर्णीचा हिरवा गालिचा दरसाल माजतो. तो डोळ्याला सुखवितो, परंतु वस्तुतः पाण्यात नत्र व स्फुरद फार झाल्याची ती जाहिरात असते. त्याहून पुढे पैठणचा नाथसागर, आणि त्या पाण्यावर छत्रपती संभाजीनगर शहर जगते. नाशिकच्या मोरीत जे ओतले जाते, त्याचा काही अंश दुसऱ्या शहराच्या हंड्यापर्यंत पोहोचत असतो.

कायद्याची उणीव होती, असे म्हणता येणार नाही. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने तर आपला कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिले. तरीही २०१२ साली गोदावरीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि न्यायालयाला उपाय सुचविण्याचे काम नागपूरच्या 'नीरी'कडे द्यावे लागले.

पर्यावरणाच्या केंद्रीय नियमांत एक परीक्षा अशी आहे की, कारखान्याच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात मासे सोडावेत, आणि ९६ तासांनंतर त्यांतील शेकडा ९० जिवंत राहावेत. ही परीक्षा द्रव्यांची नावे विचारीत नाही. ती सगळ्या मिश्रणाला एकदम कसोटीला लाविते. बारवेत मासे सोडणाऱ्या आपल्या पूर्वजांना ती ओळखीची वाटली असती. मात्र तिचीही सीमा आहे: मासा चार दिवसांतले मरण सांगतो, वीस वर्षांनी उद्भवणारे दुखणे सांगू शकत नाही. म्हणून द्रव्यांची स्वतंत्र मोजणी, त्यांची बेरीज आणि सजीवावरील परीक्षा, या तिन्ही एकमेकींना पूरक ठेविल्या पाहिजेत. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

या इतिहासातून सामान्य गृहस्थाने काय घ्यावे? पाण्याला भिऊन राहावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण पाण्याचा अहवाल हाती आला म्हणजे शेवटचा 'योग्य' हा शब्द वाचून तो घडी करून ठेवू नये. कोणकोणती द्रव्ये शोधली, कोणती शोधलीच नाहीत, पाणी कोणत्या ऋतूत आणि कोठून घेतले, एका जातीच्या द्रव्यांची बेरीज केली की नाही, हे चार प्रश्न नगरसेवकाला, ग्रामपंचायतीला, पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला विचारावेत. आणि आपल्या नळाच्या पाण्याविषयी विचारून झाले की, आपल्या मोरीचे पाणी कोणाच्या विहिरीशेजारून जाते, तेही विचारावे. हे प्रश्न विचारणारी घरे एकेका गल्लीत दहा-दहा झाली, तर मानकाच्या कागदावर बेरजेची ती ओळ उमटण्यास फार काळ लागणार नाही.